पर्याय मागा, पण डॉक्टरांच्या समोर मागा

माणूस ॲडमिट झाला की तासाभरात घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, डॉक्टर सांगतील ते करायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. दुसरा म्हणतो, हे सगळे लुटायला बसलेत, आपल्या ओळखीचा एक वैद्य आहे, त्याच्याकडे नेऊ. मला दोन्ही पक्षांशी बोलायचंय, म्हणून पोस्ट लांबणार आहे.

आमच्या नात्यात, सोसायटीत कुणाला दवाखान्यात हलवलं की फोन मला येतो. मी डॉक्टर नाही. पण आयसीयूबाहेरच्या त्या जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्यांवर इतकं बसणं झालंय की एक मत पक्कं झालंय. आपल्या माणसासाठी दुसरा काही उपाय आहे का, हे विचारायचा नातेवाइकांना हक्क आहे. मी तर म्हणेन ते आपलं कामच आहे. पण ते राऊंडला विचारायचं, फाईल उघडी असताना, डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून. चोरून काही करायचं नाही.

चोरून काय होतं ते सांगते. माझ्या आत्याला हृदय कमजोर झालं म्हणून ॲडमिट केलं होतं. पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. अंगातलं पाणी काढायला लघवीचं इंजेक्शन चालू होतं. त्या इंजेक्शननं पोटॅशियम उतरतं, म्हणून सोबत पोटॅशियमचं सिरपही होतं. तरी रोज सकाळचा रिपोर्ट कमीच यायचा. डोस वाढवला, तरी कमी. मग ईसीजीत बदल दिसायला लागले आणि डॉक्टर काळजीत पडले. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनं चादर बदलताना उशीखालची पाण्याची लहान बाटली बाहेर काढली. आत तपकिरी काढा होता, टोपणाभोवती चिकट गोडसर थर. रोज झोपताना दोन टोपणं. त्यात मुख्य होतं ज्येष्ठमध.

ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं की पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, अंगात मीठ आणि पाणी साठतं, बीपी चढतं. म्हणजे आत्याला ज्या दुखण्यासाठी ॲडमिट केलं होतं, तेच तो काढा वाढवत होता. बाटली बंद झाली आणि रिपोर्ट सुधारायला लागले.

आतेभाऊ जिन्यात उभा राहून रडला. "ताई, ज्येष्ठमधच गं. घसा बसला की आपण चघळतोच ना?" मी त्याला बोलले नाही, आणि आज इथेही कुणी त्याला बोलू नये. आईचा दम बघवत नव्हता म्हणून त्यानं ते केलं होतं. मला राग दुसऱ्या गोष्टीचा आला. पहिल्याच दिवशी त्यानं राऊंडला सरळ विचारलं होतं, "डॉक्टर, सोबत काही आयुर्वेदिक चालेल का?" उत्तर आलं, "मग पेशंटला तिकडेच न्यायचं होतं." मान वर न करता. त्या क्षणापासून तो त्यांना काहीही सांगेनासा झाला. काढा घरात शिजला, पण तो उशीखाली गेला या उत्तरामुळे. नातेवाइकांवर खेकसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं हे लक्षात घ्यावं. तुम्ही प्रश्न बंद करता, बाटली बंद होत नाही.

आणि "आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होणार" असं म्हणणाऱ्यांनीही थांबावं. जे औषध गुण देतं, ते अवगुणही देऊ शकतं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण तो वाद तरी होऊ शकला, कारण डॉक्टरांनी विचारलं आणि रुग्णांनी घेतलेलं सांगितलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल घेणं, अंगात शिसं-पारा जाऊ शकेल अशी भस्मं कुणाकडूनही आणणं, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. खरा वैद्य हेच सांगतो. माझ्या परिचयातल्या एका वयस्कर वैद्यांकडे लोक पेशंटचा फोटो घेऊन येतात. ते आधी फाईल मागतात आणि म्हणतात, "ॲडमिट आहे तोवर माझं काही नको. डिस्चार्ज झाला की त्यांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन या." त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता पहिल्या पक्षाशी बोलते. "आपण काय विचारणार, आपल्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यांशी.

विचारणं हा उद्धटपणा नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट सांगितलं की रुग्णाची संमती खरी ठरायला त्याला पुरेशी माहिती मिळायला हवी. उपचार काय आहे, कशासाठी आहे, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय आहेत का, आणि उपचार नाकारला तर काय होईल. पर्याय सांगणं हा संमतीचाच भाग आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत, त्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क आहे आणि उपलब्ध पर्यायांतून निवड करण्याचाही. आपल्या राज्यात २०२१ च्या सुधारित सुश्रुषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी डिपॉझिट भरायच्या रांगेत असाल तेव्हा भिंतीकडे बघा. आणि फाईलची प्रत मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागते, हा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. तिच्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरांचं मत म्हणजे नुसत्या गप्पा.

एक विनंती. भांडून, 'डामा'वर सही करून पेशंटला रात्रीतून हलवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही केली की जबाबदारी तुमची, आणि पुढच्या रुग्णालयाला आधी काय दिलं होतं हे धड कळत नाही. हलवायचंच असेल तर समरी मागा, पुढे बेड आहे ना याची खात्री करा, दोन्हीकडच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या, मगच ॲम्ब्युलन्स बोलवा.

उघडपणे पर्याय मागणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं आहे. टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक २०१५ च्या अखेरीस पत्नीबरोबर इजिप्तला फिरायला गेले आणि तिथे आजारी पडले. पोटात ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, कुठल्याही अँटिबायोटिकला दाद न देणारा. जर्मनीमार्गे त्यांना सॅन डिएगोला आणलं. पुढे कोमा, व्हेंटिलेटर. डॉक्टरांकडची औषधं संपली. पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. तिनं शोधनिबंध चाळले आणि जंतूंना खाणाऱ्या विषाणूंपर्यंत, म्हणजे फाजपर्यंत पोचली. फाज काही नवीन नाहीत. १९१७ मध्ये देरेल नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं त्यांना नाव दिलं, जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून त्यांच्यावर काम करणारी संस्था आहे. त्याही आधी, १८९६ मध्ये, हॅन्किन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू मरतात असं लिहून ठेवलं होतं, ते फाजमुळे असावं असं काही जण मानतात. पण अमेरिकेत हा उपाय जवळजवळ कुणी वापरत नव्हतं.

तिनं काय केलं ते बघा. आधी नवऱ्याला विचारलं. तो बोलू शकत नव्हता, म्हणून म्हणाली, जगायचं असेल तर माझा हात दाब. त्यानं दाबला. मग ती त्याच्या डॉक्टरांकडे गेली, कागद पुढे ठेवले. डॉक्टर म्हणाले, फाज मिळाले तर मी परवानगी मागतो. टेक्सासच्या विद्यापीठानं आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेनं नेमके त्या जंतूला मारणारे फाज शोधून दिले. एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, आणीबाणीची परवानगी दिली. मार्च २०१६ मध्ये ते दिले, काही दिवसांत टॉम शुद्धीवर आले, ऑगस्टमध्ये घरी गेले. एका माणसाच्या बरं होण्यानं उपचार सिद्ध होत नाही, फाजवर अजून चाचण्या चालू आहेत. आणि तिच्याकडे पदवी होती, ओळखी होत्या, आपल्यातल्या बहुतेकांकडे त्या नसतात. पण तिच्या वागण्यातला क्रम आपल्याला घेता येतो. रुग्णाची इच्छा, मग डॉक्टर, मग परवानगी, आणि सगळं लेखी. तिनं सलाइनमधून गुपचूप काही सोडलं नाही.

रुग्णाची इच्छा. इथे आपण फार कमी पडतो. मुलगे, जावई, अमेरिकेतला भाचा व्हिडिओ कॉलवर, सगळे बोलतात, आणि ज्याच्या पोटात नळी आहे त्याला कुणी विचारत नाही. समीरा कोहली खटल्यातही हेच होतं. तपासणीसाठी भूल दिलेली बाई, आणि भुलेत असतानाच आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयानं सांगितलं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सहीसुद्धा पुरेशी नाही! आपण मात्र "बाबांना काही सांगू नका, खचतील" असं म्हणून बाबांना त्यांच्याच आजाराच्या निर्णयांतून बाहेर ठेवतो.

आणि ज्या पर्यायाबद्दल बोलायला घरं सगळ्यात जास्त घाबरतात, तो म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारा उपचार, पॅलिएटिव्ह केअर. कॅन्सर पसरलाय, केमो झेपत नाही, अशा वेळी घरं दोनपैकी एक करतात. कर्ज काढून आणखी एक महागडं इंजेक्शन, किंवा व्हॉट्सॲपवर आलेला 'शंभर टक्के गॅरंटी'चा पत्ता. तिसरी वाट कुणी दाखवत नाही. दाखवली तर लोकांना वाटतं, हात वर केले. तसं नाही हो. बोस्टनमधल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांचे दिवस जास्त बरे गेलेच, शिवाय शेवटी जोरकस उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले. त्यांच्यातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटात हाच आकडा ८.९ महिने होता.

आपल्याकडे हे आहे. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, त्यांचं गोव्यातही केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून, तिथे पैसे घेत नाहीत आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. टाटा हॉस्पिटलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दलचा कायदा २०१४ मध्ये सुटसुटीत झाला, तरी "मॉर्फिन म्हणजे शेवट" ही भीती अजून घराघरात आहे. आमच्या शेजारच्या काकांना हाडांत कॅन्सर पसरला होता. कूस बदलायची म्हटलं की ओरडायचे. वेळेवर मॉर्फिन सुरू झाल्यावर ते उठून बसून नातीबरोबर पत्ते खेळायला लागले, तेही रडीचा डाव. काकू मला म्हणाल्या, "हे आधी का नाही कुणी सांगितलं?" कारण आधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारावं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून जे आत्ता, या क्षणी, कुणासाठी तरी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बसून हे वाचताहेत, त्यांनी आज रात्री एक कागद घ्या. घरातला एकच माणूस बोलेल असं ठरवा. पेशंटला विचारता येत असेल तर आधी त्याला विचारा, कशाची भीती वाटते, काय नको वाटतं. मग लिहा: हा उपचार केला नाही तर काय होईल? यापेक्षा कमी त्रासाचं काही आहे का? किती दिवसांत फरक दिसला नाही तर आपण पुन्हा बसून विचार करायचा? वेदना कमी करणारे डॉक्टर इथे आहेत का? घरून काय काय पोटात जातंय, तेही त्याच कागदावर लिहा, काढा, चूर्ण, अंगारा, सगळं, आणि राऊंडच्या आधी सिस्टरच्या हातात द्या. डॉक्टर चिडले तर शांतपणे म्हणा, "डॉक्टर, लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, म्हणून सांगतोय." बहुतेक जण तिथे थांबतात आणि खुर्ची ओढतात.

कागद लिहायला मदत हवी असेल तर मेसेज करा. रिपोर्ट पाठवू नका, ते मला वाचता येत नाहीत. प्रश्न मात्र आपण मिळून लिहू.