अहवाल आला, घाबरू नका

समुद्राचा अभ्यास करून कुणी शास्त्रज्ञाने अहवाल दिला, तर खुर्चीवरल्या माणसाने मुळीच घाबरू नये. अहवाल चावत नाही. हसत स्वीकारा, फोटो काढून घ्या, शाल-श्रीफळ द्या. कोकणात श्रीफळाला तोटा नाही.

मग तो मुरू द्या. शासनानेच नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीने राज्यातले पर्ससीनचे, म्हणजे थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याने मासे धरायचे, 494 परवाने आधी 262 वर आणि पुढे 182 वर आणा, असं सांगितलं. शासनाने ते मनावर घेतलं, 5 फेब्रुवारी 2016 ला आदेशही काढला. आदेश काढायला हरकत कसलीच नसते. गस्तीला नौका किती आणि त्या धावतात किती, एवढंच बघायचं नाही.

रात्री मालवणच्या समोर पाण्यावर लखलखाट दिसला, तर ते चांदणं समजा. एलईडीच्या उजेडात मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे. म्हणजे ते एलईडी असणं कायद्यानेच अशक्य!

आता सामाजिक समता. ही सर्वांत सोपी. रापणकर आणि पर्ससीनवाला, दोघांनाही भाषणात 'मच्छीमार बांधव' म्हणा. पर्ससीनवाल्याकडे जाळं ओढणारं यंत्र, विंच, आणि बांगड्याच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून दोरी आवळणारं जाळं. रापणकराकडे पुळणीवर रांगेने रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणारी वाडी, आणि ओढून झाल्यावर पडणारे वाटे. आता मिळालेल्या चार टोपल्यांचे वाटे किती बारीक पडतात, हा त्यांचा घरगुती प्रश्न. समुद्र दोघांना सारखाच मोकळा ठेवलात की तुमच्यावर पक्षपाताचा आरोप करायची कुणाची छाती आहे?

संशोधनात लोकसहभाग मात्र हवाच. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून प्रश्नावली भरून घ्या. पूर्वी बांगडा केवढा मिळायचा, हे ती हाताने दाखवेल. तिने सांगितलं तेव्हा तो 'स्थानिक समज' असतो. आलेखात चढला की 'निष्कर्ष' होतो. निष्कर्ष तिला परत सांगायची गरज नाही, तिला तो आधीपासून ठाऊक आहे.

मग रत्नागिरीत एखाद्या गार हॉटेलात 'संशोधनाकडून धोरणाकडे' कार्यशाळा घ्या. स्लाइड इंग्रजीत. रापणकरांना बोलवायचंच असेल, तर रापण ओढायची वेळ गाठून बोलवा. आले नाहीत तर इतिवृत्तात 'स्थानिकांची उदासीनता' अशी नोंद करता येते.

आणि एवढं करूनही कुणी अंमलबजावणीचं विचारलंच, तर आकडे जुने झाले म्हणा आणि नवी समिती नेमा. प्रश्नावलीचे छापील गठ्ठे शिल्लक असतीलच.