आकाशातल्या 'लेझर'ला घाबरून फोन बंद करू नका

भाचीला सातवा महिना आहे. परवा रात्रभर तिचा फोन लागेना, घरचे सगळे हवालदिल. सकाळी कळलं, तिनेच बंद करून ठेवला होता. कारण हा फॉरवर्ड: 'दोन आकाशगंगांच्या धडकेतून पृथ्वीवर रोखलेला लेझर सापडला. हा परग्रहवासीयांचा संदेश असून शास्त्रज्ञ तो लपवत आहेत. रात्री मोबाइल बंद ठेवा, गरोदर स्त्रियांनी बाहेर पडू नये.'

'लेझर' अगदीच खोटं नाही, एवढं नाइलाजाने मान्य करते. धडकेत वायू दाबला जातो, भराभर तारे जन्मतात, धूळ तापते. तिच्या अवरक्त प्रकाशाने हायड्रॉक्सिल रेणू, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, चेतवले जातात आणि १८ सेंटिमीटरची रेडिओ लहर कैक पटींनी वाढवतात. हा मेसर, लेझरचा रेडिओतला भाऊ. अतिप्रखर असेल तर मेगामेसर.

पण गरोदर बाईला भीती घालणं? पहिला असा मेगामेसर १९८२ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने आर्प २२० या आकाशगंगेत पाहिला. तो सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्यातल्या त्यात जवळचा. त्याची मोजलेली तीव्रता घेऊन मी हिशेब केला: अख्ख्या पृथ्वीवर मिळून पडणारी त्याची शक्ती एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाइतकीही भरत नाही. अख्ख्या पृथ्वीवर! बोलताना आपला फोन याच्या हजारो पट सोडतो. आणि फोन बंद केल्याने आकाशातून येणारी लहर थांबते, हे कुठल्या तर्कात बसतं?

'पृथ्वीवर रोखलेला' म्हणे. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीला सापडलेल्या एका मेगामेसरच्या लहरी सुमारे ५ अब्ज वर्षांपूर्वी निघाल्या. तेव्हा पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती.

परग्रहवासीयांचं म्हणाल तर हे रेणू शेकडो किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने फिरणाऱ्या वायूत असतात, म्हणून त्यांचा रेडिओ संकेत एका नेमक्या वारंवारतेवर न राहता आजूबाजूला चांगलाच पसरट दिसतो. परग्रहवासीयांचा संदेश शोधणारे शास्त्रज्ञ सहसा याच्या उलट, अगदी अरुंद संकेत शोधतात.

लपवाछपवीही नाही. मीरकॅटचा शोध २०२२ मध्ये जाहीर झाला, त्याला 'न्कालाकाथा' हे झुलू नावही दिलं.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि तिच्याकडे हा मेसेज पोहोचला असेल, तर तो दहा लाखाव्या भागाचा हिशेब तिला सांगा. आणि रात्री फोन चालूच ठेवायला सांगा, तिला कधीही गरज लागू शकते.