सँडविचला मीठ लावा हो!

काकडीच्या चकत्या करा, मीठ लावा आणि पंधरा मिनिटं चाळणीत ठेवून द्या. घाईत असाल तर एवढंच वाचून पुढे गेलात तरी चालेल. बाकीची पोस्ट माझ्या हौसेची.

झालं असं की मागच्या जुलैत पोरीच्या क्लासच्या डब्याचं काम माझ्याकडे आलं. बायकोची शाळा सकाळची, माझं ऑफिस अकराचं, म्हणजे घरात मोकळा मीच. मोठ्या ऐटीत सँडविच करून दिलं. महागातला ब्रेड, बटर, चटणी, काकडी, चीज, मेयोनीज, केचप, सगळं ओतलं. संध्याकाळी डबा जवळजवळ भरलेलाच परत. काय झालं विचारलं तर म्हणते, "बाबा, मी ब्रेड शोधून राहिली होती त्यात. लगदाच सापडला."

आधी मी ब्रेडवाल्याला शिव्या घातल्या. मग चीज वाढवलं, मग सॉस बदलला. लगदा महाग होत गेला, चव तिथंच.

एका रविवारी बायको कोशिंबीर करत होती आणि मी मदतीच्या नावाखाली लुडबुड करत होतो. मिठाला हात घातला तशी ओरडली, "आत्ता नको, पाणी सुटेल!" हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलोय. पण डब्यातल्या काकडीलाही चटणीतलं आणि बटरमधलं मीठ लागतंच की! काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी. तीन तास ती डब्यात बसली की सुटणारच, आणि ब्रेड ते पिणारच. मग ते आधीच काढून घेतलं तर? दोन मध्यम काकड्यांचं चांगलं पाव वाटी पाणी निघालं. चकत्या फडक्यावर टिपल्या. एक खाऊन पाहिली, तर काकडीला काकडीची चव होती. मीठ आत मुरलेलं, पाणी गेलेलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की घरचं सँडविच फिकं लागतं ते आत काही कमी पडतं म्हणून नाही, आतला एकेक थर अळणी असतो म्हणून. वरणात मीठ घालतो, कणकेत घालतो, आणि सँडविच करायच्या वेळी कच्चा माल रचून सगळा भार बिचाऱ्या चटणीवर टाकतो.

आलूचंच घ्या. उकडताना पाण्यात मूठभर मीठ टाका, आणि सोलून चकत्या केल्यावर गरम असतानाच जिरेपूड, काळं मीठ भुरभुरा. गरम आलू मसाला धरतो, गार झाल्यावर तो नुसता वर बसतो. टमाटर फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं त्याचा वास मरतो. (मे महिन्यात नागपुरात बाहेर ठेवलेलं टमाटर दुसऱ्या दिवशी चटणीच्याच लायकीचं उरतं हे मान्य. तेव्हा लागेल तेवढंच आणा.) कांदा पातळ चिरून थंड पाण्यात पाच मिनिटं, की उग्रपणा जातो.

आता चटणी. इथं मी थोडा वेळ घेणार.

सांबाराची जुडी घ्यायची. (बाहेरगावच्यांनी इडली आठवू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) कोवळ्या काड्या फेकायच्या नाहीत, पानांइतकाच स्वाद त्यांच्यातही असतो. पुदिना सांबाराच्या पाव हिश्श्यानं, जास्त झाला तर टूथपेस्ट. हिरव्या मिरच्या, लसूण, आल्याचा तुकडा, जिरं, मीठ, लिंबू, आणि मूठभर फुटाण्याची डाळ. डाळीनं चटणी घट्ट होते आणि पाणी धरून ठेवते. पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे टाका. मिक्सर फिरला की भांडं तापतं, त्या उष्णतेनं पानं काळपटतात. बर्फानं आणि लिंबानं रंग टिकतो. थांबून थांबून फिरवा. बोटावर घेतली तर बोट उलटं करूनही जागची हलली नाही, म्हणजे जमली. ओघळली तर ती भज्यांसोबत खा, सँडविचला लावू नका.

आणि चटणीच्या आधी बटर. काठापर्यंत, कोपऱ्यापर्यंत. मधोमध एक फटकारा मारून कंजूषपणा करणारे लोक मला कळत नाहीत. बटरचा थर ओल अडवतो हे एक, आणि लसूण-जिऱ्याचा वास स्निग्धात मुरून जिभेवर रेंगाळतो हे दुसरं. डिसेंबरात बटर दगड होतं नि ब्रेड फाडतं, तेव्हा तासभर आधी बाहेर काढा. माझा आवडता प्रकार म्हणजे मऊ बटरमध्ये चमचाभर जवसाची चटणी कालवायची. जवसाचा खमंगपणा, लसूण आणि भिवापुरी मिरचीचा झणका. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि आपण सँडविचवर पुडीतले चिली फ्लेक्स शिंपडून राहिलो!

उत्साहाच्या भरात सावजी मसालाही एकदा कच्चाच भुरभुरला होता. धूळ खाल्ल्यासारखं लागलं. तो तेलात परतल्याशिवाय बोलत नाही. त्यापेक्षा रात्रीचा वाळला झुणका उरला असेल तर तो भरा, वर कच्चा कांदा, लिंबू पिळा, आणि तव्यावर भाजा. असं सँडविच असलं की मी कुठल्याही कॅफेचं ऐकणार नाही. धरमपेठेत एका ठिकाणी मी १८० रुपये देऊन मेयोनीजमध्ये बुडालेला मका खाल्लाय, त्याचा राग अजून आहे.

भाजायचं तर लोखंडी तवा, मध्यम-मंद आच, बाहेरून बटर, वरून एखादं जड पातेलं. ब्रेडला तो सोनेरी रंग नि भाजका वास साधारण १४० अंशांच्या पुढे यायला लागतो. आच मोठी केली तर बाहेर कोळसा आणि आत थंड चीज. उतरवल्यावर ताटात आडवं टाकू नका, खालची वाफ अडते आणि एवढी मेहनत करून कुरकुरीत केलेली बाजू ओली होते. भाकरी आपण टोपलीत उभी टेकवतो ना, तसं टेकवून दोन मिनिटं ठेवा, मग कापा. डब्यासाठी असेल तर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका.

डबा आता रिकामा येतो. परवा तर पोरीनं जास्तीचं एक मागितलं, मैत्रिणीसाठी म्हणून. मैत्रिणीला खरंच मिळतं का, देव जाणे.

हो, आणि काकडीचं ते खारट पाणी मोरीत ओतू नका. ताकात घाला, वर चिमूटभर जिरेपूड. आमच्याकडे एकच पेला होतो, आणि पिणारे तिघं आहेत.