मिठाच्या पाण्यातून इलेक्ट्रॉन धावत नाहीत

"वीज म्हणजे इलेक्ट्रॉनची धाव. तार असो की पाणी, बटण दाबलं की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने दिव्याकडे सुटतात. पाणी हे मुळातच विजेचं सुवाहक. आणि कुठलाही वाहक तापवला की तो जास्त वीज वाहतो." हा मजकूर विज्ञानाच्या नावाखाली सगळीकडे फिरतोय. त्यात खरं आहे ते एवढंच, की धातूत इलेक्ट्रॉन वाहतात. बाकीचं मुलांच्या डोक्यात पक्कं बसायच्या आत खोडून काढायला हवं.

आधी वेग. एक चौरस मिलिमीटर आडव्या छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपियर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतात. म्हणजे एक मीटर जायला पावणेचार तास! तेही प्रवाह एकाच दिशेचा असेल तर. दिशा सतत बदलणाऱ्या घरगुती विजेत ते जागच्या जागी पुढे-मागे होतात. तसे ते स्वस्थ कधीच नसतात. तांब्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर वेगाने भिरभिरत असतात, पण वाट्टेल त्या दिशेला, त्यामुळे बेरीज शून्य. दिवा लगेच लागतो, कारण बटण दाबताच इलेक्ट्रॉनना ढकलणारं विद्युतक्षेत्र तारेलगत प्रकाशाच्या वेगाच्या आसपास पसरतं आणि दिव्यातले स्वतःचेच इलेक्ट्रॉन सरकू लागतात.

"तार असो की पाणी" ही सगळ्यात मोठी गफलत. मिठाच्या द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन नसतातच. तिथे प्रवाह वाहतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू: सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. इलेक्ट्रॉनची देवघेव होते ती फक्त इलेक्ट्रोडच्या, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या वाहक पट्ट्यांच्या, पृष्ठभागावर, आणि तिथेच पदार्थ बदलतो: ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे, धनाग्रावर क्लोरीन. आयन म्हणजे प्रत्यक्ष द्रव्य, त्यामुळे प्रवाहासोबत द्रव्यही हलतं. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून प्रवाह सोडा; एक झिजत जाते आणि दुसरीवर ताज्या तांब्याचा गुलाबीसर थर चढतो.

धातूत असं होतं का, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एडुआर्ड रिके यांनी १९०१ साली तपासलं. तांबं, ॲल्युमिनियम, पुन्हा तांबं असे तीन दंडगोल एकाला एक भिडवून त्यांनी जवळपास वर्षभर प्रवाह चालू ठेवला. एकूण सुमारे ३५ लाख कूलोम (विद्युतभाराचं एकक) प्रभार त्यातून गेला. प्रवाह वाहून नेणारे जर तांब्याचे आयन असते, तर किलोभराहून जास्त तांबं सरकायला हवं होतं. वजनं होती तशीच राहिली. इतक्या साध्या मांडणीतून इतकं ठाम उत्तर देणारे प्रयोग फार थोडे, आणि म्हणून मला हा फार मोलाचा वाटतो.

पाण्याचं म्हणाल तर अतिशुद्ध पाणी दुर्वाहकच म्हणावं लागेल. समुद्राचं पाणी त्याच्या सुमारे दहा लाख पट जास्त वीज वाहतं, आणि तांबं समुद्राच्या पाण्याच्या कोटभर पट. फरक पडतो तो विरघळलेल्या क्षारांमुळे. मात्र यावरून कुणी ओल्या हाताने स्विचला हात लावू नये. नळाच्या पाण्यात आणि घामात आयन भरपूर असतात, धोका खराच आहे.

राहिलं तापवणं. तांबं एक अंश सेल्सिअसने तापलं की त्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो, कारण थरथरणारे अणू इलेक्ट्रॉनची वाट अडवतात. द्रावणात नेमकं उलट: पाण्याचा चिकटपणा कमी होऊन आयन सैल हलतात आणि वाहकता अंशामागे सुमारे दोन टक्के वाढते. घन मिठात आयन असूनही ते जागेवर जखडलेले, म्हणून ते वीज वाहत नाही. वितळलं की वाहतं. तापमानाने वाहकता बदलते, म्हणून द्रावणाची वाहकता नोंदवताना तापमान सोबत लिहावंच लागतं, बहुधा २५ अंशांचं.