पहारेकऱ्याला घरी कोण पाठवू शकतं?

पश्चिम आशियात एखादी शांतता बैठक ठरली की आपल्याकडे तोच वाद पेटतो. अमेरिका पक्षपाती, संयुक्त राष्ट्रं नामधारी, मग बाहेरच्यांची लुडबुड हवी कशाला? पक्षपात आहेच. पण अरब-इस्रायल संघर्षातला सर्वांत जुना शांतता करार, इजिप्त आणि इस्रायलमधला १९७९ चा, आजही उभा आहे, आणि तो घडवणारी अमेरिका तेव्हाही इस्रायलची उघड पाठीराखी होती. माझ्या मते मध्यस्थ कुणाच्या बाजूचा आहे, हा दुय्यम प्रश्न. सह्या झाल्यावर करार पाळला जातोय का याची मोजणी कोण करणार, खर्च कोण देणार आणि मोजणाऱ्याला हाकलायचा अधिकार कुणाकडे, हे आधी विचारा.

इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स विरुद्ध इजिप्त अशा १९५६ च्या सुएझ युद्धानंतर इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात आणि गाझात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. इस्रायलने तिला आपल्या बाजूला पाय ठेवू दिला नाही, त्यामुळे ती फक्त इजिप्तच्या परवानगीवर उभी होती. १६ मे १९६७ ला इजिप्तने तिला बाजूला व्हायला सांगितलं, १८ मे ला सरचिटणीस ऊ थांट यांनी माघार मान्य केली, ५ जूनला युद्ध पेटलं आणि सिनाई इस्रायलच्या ताब्यात गेलं. सेनेचे प्रमुख तेव्हा मेजर जनरल इंदरजीत रिखी होते. माघारीच्या तयारीत असलेले आपले काही जवान त्या युद्धात गाझात मारले गेले. आपल्याकडे हे फारसं कुणाला आठवत नाही.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पद्धत बदलली. इजिप्त आणि इस्रायलच्या सप्टेंबर १९७५ च्या दुसऱ्या सिनाई करारात गिद्दी आणि मित्ला या खिंडी कळीच्या होत्या, कारण रणगाड्यांचा रस्ता तिथूनच जातो. तिथे पाळत ठेवायला अमेरिकेने जास्तीत जास्त २०० नागरी कर्मचारी द्यायचे ठरवले. सैनिक नाहीत, जमिनीत पुरलेले संवेदक आणि टेहळणीच्या चौक्या. इस्रायलने अबू रुदैसच्या तेलविहिरी सोडल्या, बदल्यात तेलाचा पुरवठा तुटू देणार नाही अशी हमी अमेरिकेने दिली. हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये बोलणी फिसकटल्यावर अध्यक्ष फोर्ड यांनी इस्रायलविषयीच्या धोरणाचा ‘फेरविचार’ जाहीर करून नव्या शस्त्रकरारांना लगाम लावला होता.

मग अमेरिकी अध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानी बोलणी, सप्टेंबर १९७८. तेरा दिवस, वीसहून अधिक मसुदे. सगळे इस्रायलचे बेगिन, इजिप्तचे सादात आणि अमेरिकेचे कार्टर यांचा तिहेरी हस्तांदोलनाचा फोटो दाखवतात. मला २६ मार्च १९७९ च्या कराराचं लष्करी परिशिष्ट जास्त मोलाचं वाटतं. सिनाईचे तीन पट्टे, चौथा इस्रायलच्या हद्दीत. सुएझ कालव्याजवळच्या ‘अ’ पट्ट्यात इजिप्तचे जास्तीत जास्त २२,००० सैनिक आणि २३० रणगाडे. मधल्या ‘ब’ मध्ये ४,००० सीमारक्षक. सरहद्दीलगतच्या ‘क’ मध्ये फक्त नागरी पोलीस आणि आंतरराष्ट्रीय पहारा. पलीकडे इस्रायललाही ४,००० चीच मर्यादा, रणगाडे नाहीत. आकडे असले की मोजता येतं, आणि मोजता आलं की भांडण ‘तुमची नियत वाईट’वरून ‘तुमच्या तीन गाड्या जास्त आहेत’वर येतं. ते मिटवता येतं.

१९६७ चा धडाही त्यात उतरला: पहारा एकट्या देशाच्या सांगण्यावरून हटणार नाही. सोव्हिएत विरोधामुळे संयुक्त राष्ट्रांची फौज मिळेना, तेव्हा १९८१ मध्ये वेगळंच बहुराष्ट्रीय दल उभं केलं. मुख्यालय रोममध्ये, चालू खर्चाचा प्रमुख भार इजिप्त, इस्रायल आणि अमेरिका यांच्यावर समान. अमेरिकेने सिनाईतल्या तळांच्या बदल्यात नेगेवमध्ये ओव्हदा आणि रमोन असे दोन विमानतळ बांधून दिले. एप्रिल १९८२ मध्ये इस्रायल सिनाईतून बाहेर पडला, फक्त सीमेवरच्या ‘ताबा’ या गावाचा चिमुकला तुकडा अडला. तोही पाच जणांच्या लवादाने सीमेवरचे खांब तपासून १९८८ मध्ये निकाली काढला. पुढे सिनाईत अतिरेकी वाढले, तेव्हा इजिप्तने ठरलेल्या मर्यादेबाहेर सैन्य आणलं ते बहुतांशी इस्रायलच्या संमतीने. नियम वाकवायचीही वाट होती.

आता उलटी बाजू. त्याच कॅम्प डेव्हिडमध्ये पॅलेस्टिनींसाठी पाच वर्षांच्या स्वायत्ततेचा आराखडा ठरला, आणि टेबलाशी पॅलेस्टिनीच नव्हते. इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतींचं बांधकाम थांबवण्याबाबत कार्टर समजले की बोलणी संपेपर्यंत. बेगिन म्हणाले, तीन महिने. दोघांना मान्य असं लेखी पत्र सह्यांच्या आधी हातात आलंच नव्हतं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या १९९३ च्या ऑस्लो करारात नॉर्वेने भेट घडवली, पण वसाहती गोठवण्याचं कलम नाही, उल्लंघन ठरवणारा तटस्थ पंच नाही. जेरुसलेम, निर्वासित, सीमा हे सगळं पुढे ढकललं. पुढच्या सात वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) वसाहतींची लोकसंख्या प्रचंड वाढली, बसमध्ये बॉम्ब फुटले, आणि कुणी किती मोडलं हे ठरवणारं कुणीच नव्हतं.

निरीक्षक नेमले तेही बिनदातांचे. १९९४ च्या इब्राहिमी मशिदीतल्या हत्याकांडानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या हेब्रॉन शहरात परदेशी निरीक्षक आले. बिनशस्त्र, अहवाल गोपनीय, मुदतवाढ दोन्ही बाजूंच्या मर्जीवर. २०१९ मध्ये नेतन्याहूंनी मुदत वाढवली नाही, संपलं. गाझा-इजिप्त सीमेवरच्या राफाह नाक्यावर २००५ मध्ये युरोपीय संघाचे निरीक्षक आले. ते राहत इस्रायलच्या अश्कलोनमध्ये आणि येत इस्रायलच्या ताब्यातल्या केरेम शालोममधून. निरीक्षक नसतील तर नाका उघडायचा नाही, असा नियम. म्हणजे सरकारी मोजणीदाराला शेतात जायला एकाच भावाच्या अंगणातून वाट; त्याने फाटक लावलं की मोजणी बंद. जून २००६ मध्ये इस्रायली सैनिक पकडला गेल्यावर नाका बहुतेक दिवस बंदच राहिला. वर्षभरात हमासने गाझा घेतलं आणि निरीक्षकांचं कामच थांबलं.

म्हणून गाझासाठी आंतरराष्ट्रीय दलाला मान्यता देणारा सुरक्षा परिषदेचा १७ नोव्हेंबर २०२५ चा २८०३ क्रमांकाचा ठराव वाचताना मी ट्रम्प यांचं नाव किती वेळा आलं ते मोजत बसत नाही. मान्यता ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आणि पैसा ऐच्छिक देणग्यांमधून, ही दोन कलमं मला जास्त खटकतात. सिनाईतल्या दलाला अशी दोन वर्षांची घंटा बांधलेली नव्हती.