मामांच्या पेट्या आणि ब्राझीलची ‘खुनी’ माशी

सांगोल्याच्या मामांनी परवा पेटीवाल्याला फोन करून डाळिंबात परागीभवनासाठी ठेवलेल्या मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या उचलायला सांगितलं. तेही हस्त बहाराची फुलं उमलत असताना! कारण एक व्हॉट्सॲप मेसेज. ब्राझीलच्या वॉर्विक केर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत जनुकं जोडून खुनी मधमाशी बनवली, लष्करी हत्यार म्हणून मुद्दाम सोडली, तिच्या एका डंखाने माणूस मरतो, आणि आपल्याकडे ‘मेलिफेरा’ म्हणून भाड्याने मिळते ती हीच, असं त्यात म्हटलंय. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरतोय, म्हणून लिहितेय.

जनुकं जोडायचं तंत्र आलं 1970च्या दशकात. केर यांनी आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या 1956 साली. युरोपातल्या माश्या ब्राझीलच्या उष्ण हवेत मध कमी देत होत्या. आफ्रिकी माशी तिथे तगेल आणि निवड करत गेलं तर पिढ्यांमागून तिचा तापटपणा कमी होईल, असा विचार होता. आपल्याकडे वळू निवडतात, तसंच हे काम.

हत्याराच्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. केर यांनी स्वतः 1967 साली ‘साउथ आफ्रिकन बी जर्नल’मध्ये या माश्या ब्राझीलमध्ये कशा आल्या त्याचा इतिहास लिहिलाय. ब्राझीलमधल्या रियो क्लारोजवळ या आफ्रिकी माश्या ज्या पेट्यांत ठेवल्या होत्या, त्यांच्या दारांवर जाळ्या होत्या. फट जेमतेम चार मिलिमीटरची, म्हणजे कामकरी माशी ये-जा करणार आणि अंगाने मोठी राणी आत अडकणार. 1957 साली बाहेरून आलेल्या एका मधपाळाने त्या जाळ्या काढल्या आणि 26 राण्या आपापला थवा घेऊन उडाल्या. ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली 1964 साली, म्हणजे सात वर्षांनी. आणि त्याच लष्करी राजवटीने केर यांना दोनदा अटक केली, 1964 मध्ये आणि 1969 मध्ये. दुसऱ्या वेळी ते तुरुंगात डांबलेल्या एका ननच्या छळाविरुद्ध बोलले होते. छळाविरुद्ध तोंड उघडून गजाआड गेलेल्या माणसाला तुम्ही त्याच छळणाऱ्यांचा हस्तक ठरवताय! 2018 मध्ये ते गेले, आता उत्तर द्यायला येणार नाहीत. डंख नसलेल्या मेलिपोना माश्यांमध्ये राणी आणि कामकरी कशा ठरतात, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही.

माश्या सुटल्या ते त्यांच्या प्रकल्पातून, हे खरंय, आणि जबाबदारी त्यांच्यावर येतेच. त्या स्थानिक माश्यांशी संकरित होऊन पसरल्या, माणसं आणि जनावरं मेली, हेही खरंय. पण एका डंखाने नाही. या माशीचं विष इतर मधमाश्यांपेक्षा जहाल नसतं. ती चटकन चिडते, शेकड्यांनी तुटून पडते, लांबवर पाठलाग करते, धोका त्यात आहे. ॲलर्जी असलेल्याला मात्र आपल्या सातेरीचा, म्हणजे देशी मधमाशीचा, एक डंखही जिवावर बेतू शकतो. ब्राझीलचे मधपाळ आज याच संकरित माश्या पाळतात आणि तो देश मोठा मध निर्यातदार आहे.

राहिला ‘मेलिफेरा’. ते मधमाशीच्या जातीचं शास्त्रीय नाव, आणि दोन्ही माश्यांचं ते एकच आहे, एवढं मान्य. पण खिलार आणि गीर दोन्ही गाईच ना? सांगोल्यात तरी हे समजावून सांगायला नको. आपल्या पेट्यांतली माशी युरोपातली, जिला पेटीवाले इटालियन म्हणतात. 1960च्या दशकात ती हिमाचलातल्या नगरोट्यात रुजवली गेली. ब्राझीलची संकरित माशी अमेरिका खंडांतच पसरली. जमिनीवरून सरकत तिला टेक्सास गाठायला 1990 साल उजाडलं. भारतात ती नाही.

मामा, तुमच्या बांधावर स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेल्या त्या पेट्या मी दिवाळीत पाहिल्यात. दीड हातावर बसून चहा प्यायलो होतो आपण, एकही माशी अंगावर आली नाही. भीती बाळगायचीच तर विहिरीवरच्या पिंपळाला लागलेल्या आग्या मोहोळाची बाळगा, पोरांना तिथे दगड मारू देऊ नका. पेटीवाल्याशी मी बोललेय. त्याने अजून गाडी ठरवलेली नाही. आज संध्याकाळपर्यंत त्याला ‘राहू दे’ एवढं सांगा.