प्रोत्साहन उशिरा द्यायचं असेल तर व्याजासकट द्या

आज दुपारी मराठवाड्यातले एक पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखानदार फाइल घेऊन ऑफिसात आले. राज्य सरकारच्या उद्योग-सबसिडीचा २०२२-२३ चा दावा, जानेवारी २०२४ मध्ये दाखल केलेला. त्यावर आता तिसरं त्रुटीपत्र, म्हणजे कागदांतली कमतरता दाखवणारं पत्र, आलंय. मागितलंय काय, तर जीएसटीआर-९ ची, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची प्रत. ती मूळ दाव्याला जोडली होती, पहिल्या त्रुटीपत्राच्या उत्तरात परत जोडली होती, दोन्ही वेळच्या पोचपावत्या फायलीत आहेत. ते गृहस्थ चिडले नाहीत. "अजून एकदा झेरॉक्स काढून देतो की साहेब," एवढंच म्हणाले. दुपारपासून तेच वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

दावा ३६ लाखांचा आहे. हा आकडा कुठून येतो ते आधी सांगतो, कारण "उद्योगांना सरकार फुकट पैसे देतं" असं बोलणारे आपल्याच मित्रयादीत बरेच आहेत.

महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. या कारखान्याला लागू आहे ती २०१९ ची, जिची मूळ मुदत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ होती. तालुक्यांचे गट पाडलेत: अ, ब, क, ड, ड+, त्यापुढे विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. मुंबई-ठाणे-पुण्याचा विकसित पट्टा अ गटात. जितकं मागास क्षेत्र, तितकी सवलत मोठी आणि जास्त वर्षं. अ ते ड+ हे गट तालुक्यावर ठरतात, जिल्ह्यावर नाही, म्हणून जागा घेण्याआधी तालुक्याचं नाव शासन निर्णयाच्या परिशिष्टात स्वतः बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

यातला मोठा भाग म्हणजे औद्योगिक प्रोत्साहन अनुदान. पात्र मालाच्या राज्यातल्या पहिल्या विक्रीवर तुम्ही जो एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा वाटा) भरलात, त्याच्या आधारावर ही रक्कम परत मिळते. एकूण किती मिळणार याला स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीची मर्यादा आहे. म्हणजे आधी जमीन घ्या, शेड बांधा, यंत्रं लावा, माणसं कामाला घ्या, माल विका, कर भरा आणि मग मागा. यात फुकट काय आहे? कर आधी तिजोरीत गेलेला असतो.

त्या वर्षी त्यांची राज्यातली पात्र विक्री चार कोटी होती. खोक्यांवर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे एसजीएसटी ९ टक्के. चार कोटींवर ३६ लाख. पुढचं ऐका. १५ जुलै २०२४ पासून दर १२ टक्के झाला: तेवढ्याच विक्रीवर २४ लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के: १० लाख. कारखाना तोच, कामगार तेवढेच, बँकेचा हप्ता तोच. कर कमी झाला त्याचा आनंद गिऱ्हाइकाला आहे आणि तो असू दे. पण ज्याने ३६ लाखांचा हिशेब धरून कर्ज काढलं, त्याच्या प्रकल्प अहवालातला तो रकाना आता दहावर आलाय. वर क्राफ्ट पेपरचा जीएसटी १८ टक्के झाला, म्हणजे कच्च्या मालावर १८ भरायचे आणि तयार मालावर ५ गोळा करायचे. क्रेडिट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट, साठत जातं आणि त्यात खेळतं भांडवल अडकतं.

म्हणून पहिली गोष्ट: ज्यांच्याकडे योजनेचं पात्रता प्रमाणपत्र आहे त्यांनी आजच्या आज ते काढून वाचा. अनुदान एकूण एसजीएसटीवर लिहिलंय की इनपुट क्रेडिट वजा जाता रोखीने भरलेल्या एसजीएसटीवर? उलट्या करदरात अडकलेल्या धंद्याचा रोख भरणा शून्यावर येऊ शकतो. एका शब्दाच्या फरकाने दावा दहा लाखांचा होतो किंवा काहीच उरत नाही.

"राज्यातली विक्री" या दोन शब्दांत किती खड्डे आहेत तेही सांगतो, कारण दावे बहुतेक इथेच कापले जातात. हैदराबादला गेलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी लागतो, त्यावर अनुदान नाही, हे सगळ्यांना कळतं. पण बिल पुण्याच्या ऑफिसच्या नावाने आणि माल थेट हैदराबादच्या गोदामात, असा व्यवहार झाला तर? जीएसटीच्या नियमाने पुरवठ्याचं ठिकाण पुणे, त्यामुळे बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटीच लागतो. विवरणपत्रात ती राज्यातली विक्री दिसते. योजनेची अट मात्र बिलही राज्यात आणि पोच पण राज्यात अशी आहे. मालाच्या वाहतुकीसोबतच्या ई-वे बिलावर पोचण्याचं ठिकाण छापलेलं असतं, तपासणारा तिथे बोट ठेवतो आणि मग सगळ्याच विक्रीकडे संशयाने बघतो. अशी बिलं दाव्यातून आधीच स्वतः वगळा आणि वगळल्याची यादी जोडा.

दुसरा खड्डा एचएसएन कोडचा, म्हणजे जीएसटीत वस्तू ओळखायच्या क्रमांकाचा. प्रमाणपत्रावर खोकी लिहिली असतील तर ४८१९ ची विक्री पात्र. त्याच मशीनवर निघालेला पुठ्ठ्याचा रोल विकला तर तो ४८०८, वेगळी वस्तू. कतरण विकली तर ती ४७०७, तीही वेगळी. एसजीएसटी तिघांवर भरता, अनुदान एकावर. टॅलीत पहिल्या दिवसापासून तीन वेगळी विक्री खाती ठेवा, वर्षअखेरीला निवडत बसलात तर चूक होणारच. क्रेडिट नोटा, मालपरती, मागच्या महिन्याच्या दुरुस्त्या यामुळे जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं विवरणपत्र) आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) मध्ये फरक पडतो. तो फरक महिनावार तक्त्यात कारणासह मांडून सीएच्या सहीने दाव्यासोबतच द्या. विचारल्यावर दिलात तर एक त्रुटीपत्र वाढतं, आणि एका त्रुटीपत्रात किती महिने जातात ते ही फाइल हातात असल्यावर सांगायला नको.

हे सगळं त्या गृहस्थांनी केलं होतं. तिन्ही खाती वेगळी, महिनावार तक्ता, ई-वे बिलांची यादी. तरी तिसरं पत्र. तेही आधी दिलेल्या कागदासाठी!

३६ लाखांवर त्यांचं कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज बघा. साडेदहा टक्क्यांनी वर्षाला ३ लाख ७८ हजार. वापीहून येणाऱ्या क्राफ्ट पेपरचे पैसे तीस दिवसांत द्यावे लागतात, खोकी घेणारे नव्वद दिवस लावतात, मधली पोकळी बँक भरते. त्या पोकळीत सरकारचे ३६ लाख.

आता जे खरं डोक्यात जातं ते. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा म्हणतो की छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे थकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्या. उत्तम कायदा आहे. मोठ्या कंपन्यांना तो लावताना सरकार छोट्याच्या बाजूने उभं असतं. मग सरकारनेच मंजूर केलेलं अनुदान सरकारकडेच अडकलं तर? ते मालाचं बिल नाही, त्यामुळे हा कायदा लागू नाही, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येत नाही. वाटप "निधीच्या उपलब्धतेनुसार" होतं. कारखानदाराने त्याच सरकारला जीएसटी एक दिवस उशिरा भरला तर १८ टक्क्यांनी व्याज मोजलं जातं. एकाच तिजोरीचे आत जायचे आणि बाहेर यायचे नियम वेगळे. कुणालाच लाज कशी वाटत नाही?

मान्य, खोटे दावे होतात. जुनं मशीन रंगवून नव्याच्या बिलाने दाखवणारे आहेत, कागदावर माल फिरवणारे आहेत, तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे तोच कागद तीनदा मागणं नाही.

जरा थांबून पुन्हा लिहायला बसलोय. हे दावे तपासणाऱ्या जिल्हा उद्योग केंद्रातले सगळे एकाच मापाने मोजणंही बरोबर नाही. दोन टेबलांचं काम एकट्याने ओढणारे लोक तिथे आहेत. बजेटची तरतूद त्यांच्या हातात नसते, शिव्या मात्र त्यांनाच.

या २०१९ च्या योजनेतल्या बाकीच्या सवलतींतही असेच बारकावे आहेत. व्याज अनुदान ५ टक्के, पण त्या वर्षी भरलेल्या वीज बिलाच्या रकमेपर्यंतच. या कारखानदारांचं मुदत कर्ज एक कोटी वीस लाख शिल्लक होतं, पाच टक्क्यांनी सहा लाख होतात. वीज बिल वर्षाचं तीन लाख ऐंशी हजार. मिळणार तीन ऐंशीच. खोक्यांच्या धंद्यात वाफ बॉयलरवर निघते, विजेचं बिल त्या मानाने कमी, हे अहवाल करणाऱ्याने धरलंच नव्हतं. आता ते छतावर सोलर बसवायचं म्हणतायत. जरूर बसवा, पण वीज बिल खाली आलं की व्याज अनुदानाची मर्यादाही खाली येते, हा आकडा सोलरच्या फायद्यातून आधी वजा करून बघा.

वीजदरातली सवलत विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गात युनिटला एक रुपया, तीन वर्षं. वीज शुल्काची माफी वेगळी. ती मिळतेय की नाही हे बिलावर "वीज शुल्क" या ओळीत दर महिन्याला बघा. प्रमाणपत्र कपाटात आणि शुल्क बिलात चालूच, अशी उदाहरणं आहेत.

मुद्रांक शुल्काची माफी हवी असेल तर जिल्हा उद्योग केंद्राचं पत्र दस्त नोंदवण्याआधी हातात पाहिजे. आधी शुल्क भरून टाकलं की ते परत मिळवणं फार अवघड. जमिनीच्या खरेदीखताला लक्षात राहतं, बँकेच्या गहाणखताला विसरतात.

यंत्रांचे पैसे बँकेतूनच द्या, रोखीने दिलेली रक्कम गुंतवणुकीत धरून घेताना वाद होतो. जुनं यंत्र गुंतवणुकीत मोजलं जाईल असं गृहीत धरू नका. एकूण नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक माणसं ही अट आहे, त्यासाठी हजेरीपट आणि रहिवासाचे पुरावे दरवर्षी अद्ययावत ठेवा. प्रोप्रायटरशिपची प्रायव्हेट लिमिटेड करायची असेल तर आधी परवानगी घ्या, मग नाव बदला. उलट क्रमाने केलंत तर प्रमाणपत्र एका नावावर आणि विक्री दुसऱ्या नावावर राहते.

आणि आयकर. इथे त्या गृहस्थांचं सर्वात जास्त नुकसान झालंय. २०१५ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २(२४) मध्ये अठरावं उपकलम घातलं. तेव्हापासून मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारं अनुदान सोडलं तर बाकी सगळं उत्पन्न धरतात. त्याआधीच्या वर्षांसाठी अनुदान कशासाठी दिलं हे बघितलं जायचं. पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मल्टिप्लेक्सला मिळालेली करमणूक कराची सवलत भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न म्हणून कर न लागणारी ठरवली, ती याच कसोटीवर. आता तो दरवाजा जवळपास बंद आहे. राज्य मागास भागाला मदत देतं आणि केंद्र त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा घेतं.

यांच्या हिशेबनिसाने काय केलं? बँकेला ताळेबंद चांगला दिसावा म्हणून ३६ लाख त्याच वर्षी "येणे" दाखवून उत्पन्नात घेतले. भागीदारी फर्म, ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस, म्हणजे ११ लाख २३ हजारांचा कर. पैसे न मिळता भरला. १९६१ च्या त्याच कायद्याच्या कलम १४५ब नुसार आधीच्या वर्षी उत्पन्नात घेतलं नसेल तर असं अनुदान मिळालेल्या वर्षी करपात्र होतं. मंजुरीपत्र हातात नसताना, रक्कम नक्की नसताना ते उत्पन्नात घेऊ नका. बँकेला दाव्याची पोचपावती वेगळी दाखवा.

सरकारने शब्द दिला आणि त्यावर विसंबून कुणी कारखाना उभा केला, तर शब्द पाळावा लागतो. हे मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगून ठेवलंय. तिथे उत्तर प्रदेश सरकारने वनस्पती तुपाच्या कारखान्याला विक्रीकर माफीचं आश्वासन देऊन मागे घेतलं होतं. पण ३६ लाखांसाठी उच्च न्यायालयात जायला वकिलाची फी, तारखा आणि वर्षं लागतात, आणि पुढचे दावे त्याच टेबलावर जाणार असतात. छोटा माणूस जात नाही. तो झेरॉक्स काढतो.

मागणी साधी आहे. दावा पूर्ण कागदांसह आल्यावर त्रुटी एकदाच, एकाच पत्रात काढा. त्यानंतर ठरलेल्या दिवसांत मंजूर करा नाहीतर कारणासह नाकारा. मंजूर रक्कम थकली तर १८ टक्के व्याज, जेवढं तुम्ही आमच्याकडून घेता तेवढंच.

तिसऱ्या पत्राचं उत्तर उद्या सकाळी जातंय. जीएसटीआर-९ ची प्रत, प्रत्येक पानावर क्रमांक, वर आधीच्या दोन्ही पोचपावत्या आणि त्यांच्या आवक क्रमांकांचा उल्लेख. एक प्रत ईमेलने, एक स्पीड पोस्टाने, एक हातोहात शिक्का मारून. झेरॉक्स त्यांनी संध्याकाळीच काढून आणून दिल्यात, चार संच.